पंख्याच्या दांड्यावरचा फ्लॅश

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी चारशेच्या वर फोटो काढले आणि त्यातल्या एकाही फोटोत माझी बहीण दिसत नाही. म्हणजे ती आहे, पण अंधारात आहे. लग्न लागलं दुपारी साडेबाराला, मे महिन्यात, सालेकशाला. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी अंधार पाडायचा तर ग्रहणच लागावं लागतं. मी ते काम एका कॅमेऱ्यानं करून दाखवलं!

कारण राग. (आमचे हे म्हणतात, ‘तुझ्या आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टींचं कारण राग आहे.’ हे ऐकलं की मला राग येतो.)

या रागाची सुरुवात माझ्या स्वतःच्या लग्नात झाली. आमचे बाबा रेल्वेत फाटकवाले होते. दरेकशाच्या बाजूला, उन्हात, उभा जन्म हिरवी-लाल झेंडी दाखवण्यात गेला. त्यामुळे त्यांचा रंग म्हणजे जुन्या सागवानी दाराचा रंग. काळा, तेल प्यालेला, हात फिरवावासा वाटणारा. माझ्या लग्नाचा अल्बम घरी आला, मायनं तो मांडीवर उघडला आणि तिसऱ्याच पानावर थबकली.

“हा कोन मानूस हाय वं माया बाजूले?”

ते बाबा होते. स्टुडिओवाल्यानं त्यांना कॉम्प्युटरमध्ये इतकं गोरं केलं होतं की पिठाच्या गिरणीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे दिसत होते. बाबा चष्मा लावून बराच वेळ त्या फोटोकडे पाहत बसले. मग नुसतं “बरा हाय” म्हणाले आणि उठून विहिरीकडे गेले. त्यांच्या त्या “बरा हाय”नं माझं डोकं असं फिरलं की मी हळदीच्या हातानं स्टुडिओ गाठला.

“भाऊ, हे माझे बाबा नाहीत.”

“तुमचेच हायेत ना ताई. मी फक्त साफ केले.”

“साफ? ते काय भांडं आहे?”

“आता काय सांगू? फ्लॅश समोरून पडते, चेहरा चपटा येते, मंग उजळ करा लागते. सगयेच मागतात. तुमाले तं फुकटात करून देल्लं!”

त्या ‘फुकटात’चा राग मला पुढची चार वर्षं पुरला.

चार वर्षांनी शालूचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलं. आमगावचा मुलगा, चांगली माणसं. जेवताना बाबा सहज म्हणाले, “फोटोले त्या स्टुडिओवाल्यालेच सांगून देतो.” माझ्या हातातला घास ताटात पडला.

“तो येणार नाही! फोटो मी काढीन!”

आमच्या ह्यांनी भात कालवायचं थांबवून हळूच विचारलं, “तुला कॅमेरा येतो?”

“शिकेन!” मी म्हटलं. मी सडक अर्जुनीला प्राथमिक शाळेत शिक्षिका. जी बाई चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवू शकते ती जगात काहीही शिकू शकते, असं माझं तेव्हा मत होतं.

गोंदियाच्या एका दुकानातून जुना, कोणीतरी वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. आमच्या ह्यांनी इंटरनेट कॅफेत बसून इंग्रजी लेखांची पानं छापून आणली. त्यांचा सारांश असा, की फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला तर माणूस पापडासारखा चपटा येतो. तोच फ्लॅश काढून बाजूला, उंचावर ठेवला की चेहऱ्याला आकार येतो आणि कातडीला तिचा स्वतःचा रंग. ती ओळ मी पेनानं तीनदा अधोरेखित केली. कातडीला तिचा स्वतःचा रंग!

आता लांबचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या हुकमानं पेटवायचा कसा? मोठे फोटोग्राफर त्यासाठी रेडिओची यंत्रं वापरतात. ती आमच्या ऐपतीबाहेरची. दुकानदारानं खणातून चिंचोक्याएवढी एक वस्तू काढली. “मैडम, ये स्लेव है. फ्लैश के नीचे लगा दो. ये इसकी आँख है. सामने कहीं भी लाइट चमकी, ये अपना फ्लैश चमका देगा.” म्हणजे कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशनं जरासं मिचकावायचं आणि लांबच्या मोठ्या फ्लॅशनं ते पाहून भडकायचं. (स्वभाव मला तेव्हाच ओळखीचा वाटला होता.)

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “स्लेव म्हंजे काय?”

“गुलाम.”

“आपल्या घरी गुलाम नोको,” बाबा ठामपणे म्हणाले. “दुसरं नाव ठेव त्याचं.”

म्हणून त्याचं नाव चेला ठेवलं.

स्टँड विकत घेणं शक्य नव्हतं. तेव्हा मायच्या उभ्या पंख्याचं डोकं स्क्रू खोलून काढलं, उरलेल्या दांड्यावर सुतळीनं फ्लॅश बांधला आणि उजेड मऊ व्हावा म्हणून त्याच्या तोंडावर श्रीखंडाचा पांढरा प्लास्टिकचा डबा चढवला. पहिला प्रयोग बाबांवर केला. पडवीत खुर्चीवर बसवलं, दांडा डाव्या बाजूला उभा केला. छोट्या फ्लॅशनं मिचकावलं, चेला पेटला, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बाबा आले. कपाळावरची एकेक आठी, गालाचं हाड, कानामागची उन्हानं जळलेली रेघ. आणि रंग? रंग बाबांचा! माय चुलीपुढून उठून आली, पदरानं हात पुसत पाहत राहिली आणि म्हणाली, “हा माया मानूस हाय.”

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मी सरळ स्टुडिओवाल्याकडे गेले आणि तीन गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं की आमच्या घरी त्याची गरज नाही, आणि प्रकाश म्हणजे काय ते शिकायचं असेल तर लग्नाला ये!

सुदैवानं तो आला नाही.

लग्नाच्या सकाळी अंगणात मांडव, वर हिरव्या डहाळ्या, त्याखाली पांढरं कापड. समोर टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलांची ताटं. मी पंख्याचं डोकं काढून कोठीत ठेवलं आणि दांडा मांडवात आणला. माय मागोमाग आली.

“पावन्याइले हवा पायजे का फोटो?”

“माय, हवा आज आहे, उद्या नाही. फोटो जन्मभर राहतो!”

“पावने उष्माघातानं मेले तं थेही जन्मभर रायते!”

आम्ही दोघी भांडत होतो तेवढ्यात वरात आली. वरातीत नवरदेवाचे जिजाजी होते, राजनांदगावचे. हसरे, गोल, अंगात फुलाफुलांचा शर्ट आणि मनगटाला लटकवलेला साबणाच्या वडीएवढा एक चायना कॅमेरा. मी पाहुण्यांना पाणी देऊन परत येते तर हे गृहस्थ माझ्या खुर्चीवर बसून माझ्या कॅमेऱ्याची सगळी बटणं एकामागून एक दाबत होते!

“दीदी, ये कितने मेगापिक्सल का है?”

“ठेवा तो खाली!”

“अरे, हम तो बस देख रहे थे. हमारा बारह का है.”

मी कॅमेरा हिसकावून घेतला. त्यांनी काय काय बदललं होतं देव जाणे! (आमच्या घरी देव नाही, म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं.) शांतपणे एकेक गोष्ट तपासायला पाच मिनिटं पुरली असती. पण मी शांत नव्हते. मी तणतणत मेनू उघडला आणि ‘सगळं कारखान्यातून आलं तसं करा’ हे बटण दाबून टाकलं. मग मला तोंडपाठ असलेले, उन्हाचा उजेड कापून फक्त फ्लॅशचा घेणारे तीन आकडे पुन्हा भरले. चौथी एक गोष्ट मेनूच्या पोटात खोल होती, जी मी महिनाभरापूर्वी लेख वाचून बदलली होती. ती मला आठवली. सतरा दिवसांनी!

बाबांना मी दांडा धरायला उभं केलं. नवरीचा बाप, पांढरं धोतर, डोक्याला फेटा आणि हातात पंख्याचा दांडा. फाटकावर झेंडी धरायची सवय असल्यामुळे ते अगदी ताठ उभे होते. शालू पांढऱ्या साडीत बाहेर आली, मी कळ दाबली, चेला झळाळून पेटला. सगळ्या मांडवानं तो पाहिला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

काळं.

“बाबा! हलले का?”

“नाई बाई. चमकला ना मस्त!”

“मग फोटो काळा कसा?”

“मले काय मालूम? मी तं धरूनच हाओ.”

पुन्हा कळ, पुन्हा लखलखाट, पुन्हा काळं. आता तुम्ही म्हणाल, माणसानं थांबावं, विचार करावा. विचार करायला डोकं थंड लागतं. माझं डोकं गरम होतं, आणि समोर बाबा होते.

“जरा डावीकडे व्हा! एवढे नाही! वर धरा! तिरपा कशाला केला?”

बाबा निमूटपणे दांडा घेऊन डावीकडे गेले, उजवीकडे गेले, बायकांच्या रांगेत शिरले, एका मावशीच्या अंबाड्यात श्रीखंडाचा डबा अडकवून परत आले. पोरीच्या लग्नात बाप असा दांडा खांद्यावर घेऊन हिंडत होता आणि मी त्यांच्यावर ओरडत होते, जसे काही ते चौथीत नापास झाले होते. आमचे हे जवळ येऊन कुजबुजले, “अगं, दांडा राहू दे, मला वाटतं कॅमेऱ्यातच...”

“तुम्हाला काही कळतं का त्यातलं?”

“नाही,” ते म्हणाले आणि पंगतीची व्यवस्था बघायला गेले.

मग विधी सुरू झाला. बौद्धाचार्यांनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले. आणि तेवढ्यात माझा चेला आपोआप पेटला! मी कळ दाबलेली नव्हती. पुन्हा पेटला. मी गर्रकन वळले. राजनांदगावचे जिजाजी गुडघ्यावर बसून साबणाच्या वडीनं फोटो काढत होते. त्यांच्या चिमुकल्या कॅमेऱ्याचा चिमुकला फ्लॅश चमकला की तो पाहून माझा चेला भडकत होता. चिंचोक्याला काय कळतं, मालक कोण आणि परका कोण! मी घेतलेला, मी बांधलेला, माझा चेला माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची चाकरी करत होता.

“अहो! फोटो काढू नका!”

“काहे दीदी?”

“तुम्ही काढला की माझा फ्लॅश पेटतो!”

जिजाजी प्रसन्न हसले. “तो पेटने दो ना! घर की शादी है!” आणि खटकन आणखी एक.

इकडे बौद्धाचार्य वाणीचा संयम कसा पाळावा ते सांगत होते आणि मी मांडवाच्या मधोमध, बोट वर करून, तारस्वरात जिजाजींना चायना मालाचं वर्णन ऐकवत होते. शालूनं घुंगटासारखा पदर पुढे ओढून दातांतल्या दातांत म्हटलं, “ताई, चूप राय ना वं! लोकं पाहून रायले!” मी म्हटलं, “पाहू दे! निदान लोकांना तरी दिसतं आहे! फोटोत काहीच दिसत नाही!”

पण खरा घोटाळा अजून पुढेच बसला होता. नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, पंधरा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. घामानं निथळत त्यांनी सगळ्या मांडवात नजर फिरवली होती आणि त्यांना बाबांच्या हातात पंख्याचा दांडा दिसला होता. दांडा आहे म्हणजे वर पंखा असणारच, अशा सरळ हिशेबानं ते खुर्ची ओढून बरोबर त्याच्यासमोर, दोन हातांवर, तोंड वर करून बसले होते. बराच वेळ बसले. हवा काही येईना.

“इवाईबुवा,” ते बाबांना म्हणाले, “बटन दाबा ना जी. हवा येऊनच नाई रायली.”

“हा पंखा नोहे जी,” बाबा म्हणाले.

“मंग का आहे?”

“चेला हाय.”

या उत्तरानं कोणाचंही समाधान होणार नाही. इवाई उठले, दांड्याजवळ तोंड नेलं, नीट दिसावं म्हणून काळा चष्मा काढला आणि श्रीखंडाच्या डब्यात डोकावले. नेमक्या त्याच क्षणी जिजाजींनी वधूवरांच्या हारांचा फोटो काढला.

“अगा माय गा! मेलो!”

मांडव उभा राहिला. बौद्धाचार्य थांबले. शालूचा हार नवरदेवाच्या नाकापर्यंत जाऊन तसाच अधांतरी राहिला.

“माया डोयात वीज पाडली! आत्ता ऑपरेशन झालं, न यायनं डोयात वीज पाडली! हवा मांगतली तं वीज देते, असी सोयरीक कामाची नाई! चला गा, उठा सगये!”

शालूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. (तो रंग वाचवण्यासाठी तर मी हे सगळं केलं होतं!) अर्ध्या लागलेल्या लग्नातून वरात उठते की काय, आणि तीही माझ्या सुतळीनं बांधलेल्या फ्लॅशपायी! अशा वेळी मोठ्या बहिणीनं काय करावं? पाया पडावं, माफी मागावी. मी मात्र जिजाजींकडे बोट दाखवून ओरडले, “यांनी पाडली वीज! मी नाही!”

इवाईंनी रागानं दांडा पकडला. “हे वस्तू बाहेर फेका पयले!” बाबांनी सोडला नाही. मीच त्यांना सकाळपासून ‘काही झालं तरी हलू नका’ असं बजावलं होतं, आणि रेल्वेच्या माणसाला हुकूम म्हणजे हुकूम. दोन्ही इवाई मांडवाच्या मधोमध दांड्याची ओढाताण करू लागले. एक म्हणतो सोडा जी, दुसरा म्हणतो तुमी सोडा जी. दोघंही ‘जी’ सोडायला तयार नव्हते, म्हणून भांडण काही मारामारीपर्यंत पोचत नव्हतं. आणि जिजाजी? जिजाजी “वाह, क्या सीन है!” म्हणत फोटोवर फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटोगणिक त्या दोघांच्या डोक्यांमध्ये चेला लखलखत होता.

अर्धा तास न थांबता पेटत राहिलेला फ्लॅश आता तापला होता. आधी करपट वास आला. मग श्रीखंडाचा डबा एका बाजूनं वितळून इवाईंच्या बाहीवर थेंब थेंब गळू लागला. मग ‘फट्’ असा आवाज झाला आणि धुराची एक बारीक रेघ मांडवाच्या डहाळ्यांकडे निघाली.

“आग! आग लागली!” कोणीतरी ओरडलं.

मायनं इकडेतिकडे पाहिलं नाही. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला थंड पाण्याचा हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा फ्लॅशवर ओतला. फ्लॅशवर म्हणजे फ्लॅशवर, चेल्यावर, दांड्यावर आणि दोन्ही इवायांवर.

दोन म्हातारे दांडा धरून उभे, डोक्यापासून पायापर्यंत चिंब. इवाईंच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं. मी डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं!

इवाईंनी एक लांब श्वास सोडला.

“बाप्पा!” ते म्हणाले. “आता बरं वाटलं.”

मग खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा लावला, मायकडे वळले आणि म्हणाले, “हवा नाई तं नाई, पानी तं भेटलं. अर्धा हंडा उरला असन तं घाला अजून, इहीनबाई.” मायनं खरंच आणखी पाणी आणलं. मांडव हसायला लागला. बौद्धाचार्यांनी जिथं सोडलं होतं तिथून धरलं, शालूचा हार नाकावरून गळ्यात उतरला, फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या आणि लग्न लागलं. इवाईंच्या डोळ्याला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर तपासून तसं सांगितलं. पंगतीत त्यांनी बुंदी तीनदा घेतली आणि बाबांना शेजारी बसवून घेतलं.

मी एकटीच चिडलेली राहिले. चेला मेला होता, तरी मी उरलेल्या लग्नाचे फोटो हट्टानं काढले. तेही तसेच. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. मीही रडले, पण ते कॅमेऱ्यावर.

पंधरवड्यानं शालू माहेरी आली. आमच्या ह्यांच्या कॉम्प्युटरवर तिला फोटो दाखवले. ती एकेक पाहत गेली. काळं, काळं, काळ्यात जराशी हालचाल, काळं.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “मी पांढरी साडी नेसली होती. पांढरी! तरी दिसून नाई रायली?”

ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि हिशेब मिटला असता. ती ओरडली नाही. उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला आणि तो कोणावर काढावा ते सुचेना.

तेव्हा मी कॅमेऱ्याचं जाडजूड माहितीपुस्तक घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. सतराव्या दिवशी ते सापडलं. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश कारखान्यातून येतो तेव्हा एकदा चमकत नाही, दोनदा चमकतो. आधी अंदाज घ्यायला एक चाचणीची चमक, आणि लगेच फोटोची खरी. दोन्ही इतक्या लागोपाठ की माणसाच्या डोळ्याला एकच वाटते. चेला बिचारा इमानदार, पहिल्या चमकीलाच सगळा जीव ओतून पेटायचा. खरा फोटो निघेपर्यंत तो रिकामा झालेला असायचा. ही दोनदा चमकण्याची सवय मी महिनाभर आधी बंद केली होती आणि लग्नाच्या सकाळी, रागाच्या भरात, स्वतःच्या अंगठ्यानं पुन्हा चालू केली होती.

मी बाबांकडे गेले. समजावून सांगितलं. सॉरी म्हणायची सवय नसल्यामुळे सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे फाटक आधी उघडलं न गाडी मंग आली,” ते म्हणाले.

“हो.”

“मले वाटलंच होतं का माया हात तं हलून नाई रायला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तूच बोलून रायली होती ना बाई. मंग दुसरं कोन बोलते?”

यावर मला राग आला नाही, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवते.

त्याच संध्याकाळी राजनांदगावचे जिजाजी एक सीडी घेऊन आमच्या दारात आले. मी चहा टाकला, पण साखर कमी घातली. सीडी लावली आणि आम्ही सगळे पडद्याजवळ सरकलो. त्यांची ती साबणाची वडी इतकी साधी होती की तिला दोनदा चमकायची अक्कलच नव्हती. ती एकदाच चमकायची. म्हणजे त्यांच्या प्रत्येक फोटोला माझा चेला बरोबर वेळेवर, बरोबर बाजूनं, बरोबर उंचीवरून उजेड देत होता! शालूच्या पांढऱ्या साडीची चुणी न चुणी दिसत होती. हाराच्या पाकळ्यांना सावल्या होत्या. आणि दांडा धरून ताठ उभे असलेले बाबा, काळेभोर, तेल प्यालेले, जसेच्या तसे! शालू खुर्चीवरून पुढे सरकली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली. जिजाजी म्हणाले, “देखा दीदी? बारह मेगापिक्सल!” मी उठले आणि त्यांच्या चहात आणखी साखर घातली.

अल्बमसाठी फोटो छापून आणायला मी स्वतः गोंदियाला गेले. तिथल्या लॅबमध्ये एक नवा कारागीर बसला होता. तो एकेक फोटो मोठा करून पाहत गेला, मान डोलावत गेला. “लाइटिंग एक नंबर है मैडम. किसने की?”

“मी,” मी म्हटलं आणि खुर्चीत ताठ बसले.

“बस एक प्रॉब्लेम है.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. वधूवरांच्या मागे एक बाई होती. तोंड उघडं, बोट वर, कपाळाची शीर फुगलेली. त्यानं पुढचा फोटो लावला, त्यातही ती होती. त्याच्या पुढच्यातही, नवरीपेक्षा स्पष्ट. “ये औरत हर फोटो में चिल्ला रही है. पूरी शादी खराब कर दी इसने. कंप्यूटर में हटा दूँ क्या?”

मी ताडकन उठले. बोट वर केलं. तोंड उघडलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीसकट जरा मागे सरकला.

“रहने देता हूँ, दीदी,” तो म्हणाला.

मी तोंड मिटलं. पडद्यावरच्या त्या बाईत आणि माझ्यात, त्या दुकानात उजेड समोरून पडत होता, एवढाच काय तो फरक.